मास्तरांची सुटी

माझा एक जुना विद्यार्थी सध्या जर्मनीत म्युनिकला असतो. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहात असे. आता पायांना लांब पट्ट्या बांधून आल्प्सच्या बर्फावरून घसरत खाली येतो आणि त्याला खेळ म्हणतो. गेल्या हिवाळ्यात त्याने फोनवर मला आपल्या बर्फाच्या सहलीचे मोठे रसभरित वर्णन ऐकवले. मी सहज विचारले, "तिथे गर्दी नसते का रे?"

"असते ना, सर. म्हणून तर मी आधी शाळांच्या सुट्यांचे वेळापत्रक पाहतो आणि मग तारीख ठरवतो. इथली पोरे शाळेत, शेजारच्या ऑस्ट्रियातली पोरेही शाळेत, असा आठवडा गाठला की सगळा डोंगर आपला!"

"आणि तिथले मास्तर केव्हा जातात?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो हसत म्हणाला, "ते बिचारे गर्दीतच जातात, सर."

हा फोन झाल्यापासून मला जगातल्या यच्चयावत मास्तरांविषयी मोठा बंधुभाव वाटू लागला आहे. वकील, दुकानदार, कारकून ही सारी मंडळी मनात आणले तर भर ऑगस्टात एखादा बुधवार रिकामा काढू शकतात. मास्तराला ते साधत नाही. त्याची सुटी म्हणजे पोरांची सुटी, पोरांची सुटी म्हणजे आईबापांची रजा, आणि आईबापांची रजा म्हणजे साऱ्या गावाची सहल. गर्दी टाळावी असे त्याला वाटते खरे, पण तो गर्दीच्या पोटातच जन्माला आलेला असतो. माझे स्वतःचे शिक्षण दहावीवर थांबले, पण शाळा काही सुटली नाही. आज बरीच वर्षे एका लहानशा खाजगी शाळेत मी मुलांना मराठी शिकवतो, रात्री जागून कादंबऱ्या लिहितो, आणि सहलीला निघायचे म्हटले की दिवाळीच्या सुटीची वाट पाहतो.

आम्ही राहतो हुडकेश्वरला. नागपूरच्या दक्षिणेचे हे गाव मी पाहिले तेव्हा तिथे शेते होती, बैलगाड्या होत्या. आता ते महापालिकेत गेले आहे आणि शेतांचे ले-आउट झाले आहेत. एरवी या ले-आउटात सकाळी दुधवाल्याची आणि स्कूल बसची तेवढी जाग. पण भाऊबीज उलटली की चमत्कार घडतो. फाटकांना कुलपे लागतात, शेजाऱ्याकडे किल्ल्या दिल्या जातात, तुळशीला पाणी घालण्याची विनवणी होते आणि एकामागून एक मोटारी अमरावती रस्त्याच्या दिशेने किंवा सावनेरकडे चालत्या होतात. अमरावतीकडे गेलेली चिखलदऱ्याला, सावनेरकडे गेलेली पचमढीला. हवा पालटायला नागपूरकराजवळ ही दोनच जुनी ठिकाणे. त्यातही पचमढीवर आपला हक्क जरा जास्त, अशी आमची आतून समजूत असते. मध्य प्रांताची राजधानी नागपूरला होती तेव्हा उन्हाळ्यात साहेबलोकांचा सारा कारभार पचमढीला चढत असे. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. पण नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून जी रीघ लागते ती पाहिली, तर ती सीमा कुणी मनावर घेतलेली दिसत नाही. त्या दिवसांत आणि महाशिवरात्रीला चौरागडच्या वेळी पचमढीत निवांतपणा शोधायला जाणारा माणूस एक तर भाविक असावा किंवा परदेशी.

आम्हांला मात्र चिखलदऱ्यालाच जायचे होते, कारण आईला जायचे होते. वडील एस. टी.त कंडक्टर होते, आणि लग्नानंतर काही महिने त्यांना अमरावती–चिखलदरा ही फेरी होती. एकदा त्यांनी आईला आपल्याच गाडीतून वर नेले. भीमकुंड दाखवले, कॉफीची झाडे दाखवली, आणि संध्याकाळच्या गाडीने, पुन्हा आपल्याच तिकिटावर, खाली आणले. एवढाच तो प्रवास. पण आईच्या तोंडून तो मी इतक्यांदा ऐकला आहे की गाडी कोणत्या वळणावर थांबून वडिलांनी रेडिएटरसाठी झऱ्याचे पाणी भरून आणले तेही मी सांगू शकेन. वडील गेले. आईला सत्तरी लागली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला काचबिंदू असल्याचे सांगितले. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही, औषधाचे थेंब घालून उरलेली तेवढी राखायची. त्यातून हा रोग मोठा लबाड. समोरचे शेवटपर्यंत दिसते, कडेचे आधी जाते. आई वर्तमानपत्राचा मथळा वाचते, सुईत दोरा ओवते. पण शेजारून येणारे माणूस तिला दिसत नाही. ती म्हणते, "नळीतून पाहाल्यासारखं वाटते रे. धक्का लागला का मग समजते कोणी होतं म्हणून."

हे सारे ठाऊक असून मी २०२३च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, तिला चिखलदऱ्याला घेऊन गेलो. दुसरी सुटी मला होती कुठे? नागपूरहून सव्वादोनशे किलोमीटर. परतवाड्यापर्यंत मजेत गेलो. घाट लागला आणि मोटारींची मुंगीसारखी रांग सुरू झाली. एका वळणावर आमची भाड्याची गाडी एवढा वेळ उभी होती की पुढच्या मोटारीतल्या मंडळींनी उतरून चिवडा सोडला आणि आम्हांलाही दिला. चिवडा चांगला होता, हे कबूल केले पाहिजे. वर पोचलो तेव्हा ऊन कलले होते. भीमकुंडाच्या कठड्याशी माणसांची भिंत. प्रत्येकाला कठड्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढायचा होता. दरी पाहायला आलेली अशी माझी आई एकटीच असावी. ती पुढे सरकली, तेवढ्यात डावीकडून एक पोरगा पळत आला. तो तिला दिसलाच नाही. धक्का लागून ती गुडघ्यावर पडली. पोरगा घाबरून रडू लागला, त्याची आई माफी मागू लागली, आणि माझी आई बसल्या जागी त्या पोराचीच समजूत घालू लागली. भीमकुंड न पाहताच आम्ही परतलो. "माणसं तं पाह्यली ना," ती गाडीत म्हणाली.

गुडघा आठ दिवसांत बरा झाला. पण त्यानंतर आईने घराबाहेर पडणे सोडले. आधी बाजार सुटला, मग देऊळ, मग शेजारच्या घरचे हळदीकुंकू. कुणी विचारले तर कंबर दुखते म्हणे. कंबर दुखत नव्हती. तिला भीती बसली होती, आणि ती मी बसवली होती.

तेव्हापासून मी गर्दीचा अभ्यास सुरू केला. कादंबरीकाराने माणसांचा अभ्यास करावा म्हणतात. मी माणसे नसतील कुठे याचा केला. पहिला शोध असा लागला की दिवाळीची गर्दी सगळ्या दिवाळीत नसते. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन या दिवशी माणूस घर सोडत नाही. हिशेबाच्या वह्या, पणत्या आणि फराळाची ताटे यांनी त्याला जखडलेले असते. पाडवा, भाऊबीज झाली की पाखरे उडतात. महाबळेश्वर, अबूकडे तर पाडव्यापासून लाभपाचमीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, कारण गुजराती व्यापारी मंडळी लाभपाचमीला दुकान उघडतात आणि तोवर मोकळी असतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डोंगर रिकामा असेल यात शंका नाही. पण त्या दिवशी घराला कुलूप लावून चल असे आईला सांगण्याची माझी छाती नव्हती.

दुसरा शोध: गर्दी आळशी असते. सूर्यास्ताच्या जागी ती हजारांनी जमते. सूर्योदयाच्या वेळी हॉटेलात घोरत असते. जिथवर मोटार जाते तिथवर तिचा मुक्काम. मोटार थांबली की पुढच्या पाचशे पावलांवर निम्मी गळते. ज्याला मेळघाटाचे रान हवे आहे त्याने चिखलदऱ्यालाच उतरले पाहिजे असेही नाही. खाली सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे, कोलकास आहे. ही विद्या मी ले-आउटातल्या पुष्कळांना फुकट शिकवली. त्यांनी ती मान डोलावून ऐकली आणि भाऊबीजेनंतरच्या शनिवारचीच खोली घेतली.

पण खरी किल्ली मला त्या म्युनिकच्या फोनने दिली. सुट्यांचे वेळापत्रक! फ्रान्समध्ये म्हणे सरकारनेच देशाचे अ, ब, क असे तीन भाग पाडले आहेत आणि फेब्रुवारीची बर्फाची सुटी तिघांना मागेपुढे देतात, म्हणजे सारा देश एकाच आठवड्यात डोंगरावर तुटून पडत नाही. जर्मनीतही प्रांताप्रांताची उन्हाळी सुटी पाळीपाळीने येते. मला वाटले, आपल्याकडे असे शहाणपण कुठले! आणि मग एकदम लक्षात आले, की अरे, आपल्याकडेही आहे. फक्त ते गर्दीने नव्हे, उन्हाने दिले आहे. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हाच्या कृपेने त्या आठदहा दिवस, कधी पंधरा दिवस उशिरा उघडतात. म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यामुंबईची पोरे पाढे म्हणत असतात, आमच्याकडच्या आया वह्यापुस्तकांच्या खरेदीत बुडालेल्या असतात, पावसाळी सहलींचा जुलै अजून दूर असतो, आणि वैदर्भीय मास्तर मात्र मोकळा असतो! इतकी वर्षे हा ठेवा माझ्या कोटाच्या खिशात होता आणि मी तो कधी चाचपला नव्हता.

२०२४च्या जूनमध्ये, तिसऱ्या आठवड्यातला आडवार पाहून, मी आईला म्हटले, "चल." ती नाही म्हणाली. दोन दिवस नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एस. टी.नं नेशील तं येतो."

अमरावतीला गाडी बदलली, परतवाड्याला बदलली. महाराष्ट्रात २०२३पासून बायकांना एस. टी.चे तिकीट अर्धे झाले आहे. कंडक्टरने तिच्या हातात ते ठेवले तेव्हा तिने तिकीट डोळ्यांसमोर नीट धरून वाचले. "तुह्या बापानं तं पुरं फाडलं होतं," ती म्हणाली, "स्वतःच्या खिशातून पैसे टाकून. मले वाटलं होतं, कंडक्टरची बायको म्हणून फुकट नेईन."

गाडीत दहाबारा माणसे. घाटात समोरून दोनतीन वाहने आली असतील नसतील. साग अजून निम्मे उघडेच होते. खालच्या गवतात कुठे कुठे हिरवा रंग फुटू लागला होता. वर हवा गार, बाजार पेंगुळलेला, चहावाला आम्हांला पाहून खुर्च्या पुसू लागला. गाविलगडाकडे बोट दाखवून मी आईला सांगितले, की आर्थर वेलस्लीने, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवले त्यानेच, हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ला घेतला. आई म्हणाली, "म्हणजे त्यानंही दिवाळी जाऊ देल्ली."

भीमकुंडाशी आलो. भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकले आणि इथे हात धुतले, अशी कथा. कीचकाचा दरा तो चिखलदरा. आता मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गर्दी ज्या दिवसांत येते ती काही वेडी म्हणून येत नाही. जुलैऑगस्टात ज्या कड्यावरून पाणी गर्जत कोसळते, तिथे त्या दिवशी खडकाला ओल होती आणि एक बारीक धार, घरातल्या नळाला उन्हाळ्यात येते तेवढी.

"काहून रे," आई म्हणाली, "पाणी कुठं गेलं?"

माझा चेहरा पडला. एवढा अभ्यास, एवढी आडवाराची निवड, आणि कुंडात पाणी नाही! "पंधरा दिवसांनी येईल," मी चोरट्यासारखा पुटपुटलो. पण तिचे माझ्याकडे लक्ष नव्हते. तिने माझा हात सोडला होता. कठड्याला दोन्ही हात टेकून ती मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवीत होती; नळीतून पाहणारा माणूस तुकडा तुकडा जोडून पाहतो तशी. आधी समोरचा कडा, मग त्याच्या खांद्यावरची झाडे, मग खालची दरी, मग पुन्हा कडा. डावीकडे कुणी नव्हते. उजवीकडे कुणी नव्हते. एक माकड होते, पण ते सभ्य निघाले. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. मी घड्याळ पाहिले नाही.

मग ती आपणहून, कुणाचाही हात न धरता, पायऱ्यांपर्यंत चालत आली आणि कॉफीची झाडे कोणत्या बाजूला ते मला दाखवू लागली. तिने दाखवलेली बाजू चुकीची होती. चहावाल्याने बरोबर सांगितली, तर त्याच्याशी तिने वाद घातला.

संध्याकाळच्या गाडीत माणसे त्याहून कमी. आई चढली ती थेट कंडक्टरशेजारच्या बाकावर जाऊन बसली. मी म्हटले, "मागे ये, तिथे खिडकी मोठी आहे."

"तुले बसाचं असन तं बस मांगं," ती म्हणाली, आणि अर्ध्या तिकिटाचे पैसे काढण्यासाठी कनवटीला हात घातला.