चष्म्याची आई

शिरूर मागे टाकून घोड नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्ह्याची हद्द सरते आणि तो जिल्हा लागतो, ज्याचे नाव 2024 साली सरकारी दप्तरात अहिल्यानगर झाले, परंतु जो एस.टी.च्या फलाटावर आणि वडाप जीपवाल्याच्या आरोळीत अजून नुसता ‘नगर’च राहिला आहे. माझी पुतणी, तिचे यजमान आणि त्यांची दहा वर्षांची लेक अशी तिघे आदल्या रात्री अमेरिकेहून उतरलेली, आणि त्यांच्यासोबत नगरची वाट दाखविण्यासाठी मी. जन्माने पुतणी पुण्याची; पण पारपत्राने ती आता परकी, त्यामुळे कायद्याच्या लेखी ही मंडळी परदेशी पालक आणि त्यांचा हा प्रवास म्हणजे एका मुलीला दत्तक नेण्यासाठी केलेले परदेशगमन. ज्या वाटेने लहानपणी ती रांजणगावच्या गणपतीला येत असे, त्याच वाटेवर आज ती मांडीवर कागदांची एक जाड पिशवी घेऊन, ती कोठे ठेवावी हे न सुचल्यासारखी, तीन तास अवघडून बसली होती.

पुण्याला असे पाहुणे नवे नाहीत. ऑस्ट्रेलियाची क्रिकेट कर्णधार झालेली लिसा स्थळेकर हिला 1979 साली पुण्याच्या ‘श्रीवत्स’ संस्थेतूनच एका परदेशस्थ मराठी गृहस्थाने आणि त्याच्या पत्नीने नेले. ती दोघे मुलगा पाहावयास आली होती आणि मुलगी घेऊन गेली, असे सांगतात. नगरलाही 1989 पासून काम करीत असलेल्या ‘स्नेहालय’ परिवारात दत्तकविधानासाठी ‘स्नेहांकुर’ केंद्र आहे. आम्ही ज्या संस्थेत निघालो होतो तिचे नाव मात्र मी लिहीत नाही, आणि मुलीचेही नाही. तिची ओळख छापण्यास कायद्याची मनाई आहे, आणि नसती तरी ती छापण्याचा अधिकार मला कोणी दिला असता?

सुप्याच्या अलीकडे नातीने विचारले, “आजोबा, नगर कोणी बांधलं?” प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर देऊ लागलो तेव्हा माझे मलाच नवल वाटले, कारण या शहराचा इतिहास मी अनेकदा वाचला असून तो या बाजूने कधी पाहिला नव्हता. बहामनी सैन्याचा पराभव करून मलिक अहमदाने 1494 साली सीना नदीकाठी, भिंगारजवळ, आपल्या नावाचे शहर वसविण्यास घेतले हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते; पण या अहमदाचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला तिमाभट नावाचा ब्राह्मणाचा मुलगा, विजयनगरच्या मोहिमेत बहामनी फौजेच्या हाती लागलेला, आणि पुढे बीदरच्या दरबारी राजपुत्राच्या बरोबरीने शिकवून वाढविलेला, असे बखरकार फेरिस्ता लिहितो. बहिरू हे त्याच्या बापाचे नाव. त्याचेच ‘बहरी’ होऊन ते निजामशाही घराण्याला चिकटले. म्हणजे नाव बदलले, धर्म बदलला, घर बदलले, तरी बापाच्या नावाचा एक तुकडा कसा कोण जाणे तग धरून राहिला.

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. या हसनाचा नातू बुऱ्हाण निजामशहा गादीवर आल्यावर त्याला आपल्या पूर्वजांच्या पाथरीची ओढ लागली. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे. बुऱ्हाणाने बदल्यात दुसरा परगणा देऊ केला, इमादशहाने तो नाकारला, तेव्हा बुऱ्हाणाने चालून जाऊन पाथरी घेतली. आजोबाचे घराणे मूळ ज्या गावचे त्या गावासाठी नातवाने लढाई करावी, यात राज्यविस्ताराची हाव नव्हती असे मी म्हणणार नाही, राजे लोकांच्या प्रेमात महसुलाचा वास नेहमीच येतो. पण घेण्यासारखी गावे पुष्कळ होती, आणि त्याला हवी होती ती पाथरी. आजच्या दत्तकाच्या नियमावलीत मोठ्या झालेल्या मुलाने आपल्या मुळाचा शोध घ्यावयाचा झाल्यास त्याची तजवीज आहे. पुतणीने ते कलम वाचले होते. पाथरीची हकिगत ऐकून ती काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “काका, तिला कधी वाटलं तर मीच घेऊन येईन तिला इथे. लढाई नको.”

केडगाव आले, माळीवाड्याच्या विशाल गणपतीला गाडीतूनच हात जोडले, आणि अकराच्या सुमारास आम्ही संस्थेच्या फाटकात उतरलो.

परदेशी पालक येण्यापूर्वी आपल्या घराच्या, माणसांच्या, अंगणातल्या कुत्र्याच्या छायाचित्रांची एक वही पाठवितात, आणि संस्थेतल्या मावश्या ती मुलाला रोज दाखवितात. ही आई, हे बाबा, ही ताई, ही तुझी खाट. साडेपाच वर्षांच्या या मुलीने ती वही चार महिने उशाशी घेऊन तिचे कोपरे पार मऊ केले होते. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. आतून एका मावशीचे बोट धरून, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, नव्या फ्रॉकची लेस चाचपीत ती आली. माझ्या पुतणीने प्रवासाच्या जागरणाने चुरचुरणारे डोळे पुसण्यासाठी चष्मा काढून पदरात धरला होता. मुलीने तिच्याकडे पाहिले, मग वही उघडून पाहिले, मग पुन्हा तिच्याकडे. आणि मावशीच्या पातळाआड जाऊन उभी राहिली. व्हरांड्यातले कोणी बोलेना. पुतणीचा चेहरा असा उतरला की तो पाहवत नव्हता. तेवढ्यात मावशीच्या ध्यानी आले.

“आवं ताई, चष्मा लावा की! तिला चष्म्याची आई ठाव हाये.”

चष्मा डोळ्यांवर चढला. मुलगी पातळाआडून अर्धी बाहेर आली, वहीतल्या चित्रावर बोट ठेवून तिने खात्री करून घेतली, आणि पुढे होऊन पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर दोन्ही हातांनी तो चष्मा काढून घेतला. पुढचे चार दिवस तो बहुतेक तिच्याच ताब्यात होता, आणि माझी पुतणी नगरमध्ये जे काही पाहत होती ते धुकटच पाहत होती.

दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीत दत्तकाच्या हुकुमाची सहीशिक्क्याची नक्कल घ्यावयाची होती. पूर्वी हे हुकूम न्यायालयातून होत. 1 सप्टेंबर 2022 पासून ते काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आले, आणि दिल्लीच्या केंद्रीय प्राधिकरणाचा ना हरकत दाखला, मुलीचा वैद्यकीय अहवाल, पालकांच्या घराची तपासणी, असा सारा मजकूर एका फायलीत येऊन बसला. बाकावर बसून मी विचार करीत होतो की सरकार आणि दत्तक यांचे आपल्या मुलखात कधी विशेष सख्य नव्हते. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी 1848 मध्ये मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. ज्यांचे नाव आज या जिल्ह्याला आहे त्या अहिल्याबाई, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकी, 1767 साली पुत्र मालेराव गेल्यावर त्यांच्यामागे दिवाण गंगाधर यशवंतांनी एखादे पोर दत्तक घेण्याचा लकडा लावला. पोराच्या आडून कारभार आपल्या हाती राहावा हा त्यातला हिशेब बाईंनी तत्काळ ओळखला आणि साफ नकार दिला. शतकानुशतके दत्तक म्हणजे पिंडाला, वतनाला किंवा गादीला माणूस. आणि माणूस म्हणजे मुलगा. मुलगी दत्तक घेण्याची सोय सर्वसाधारण हिंदू कायद्यात 1956 सालापर्यंत नव्हती. मूल परदेशी देताना प्रथम त्याचे हित पाहावे, आधी देशातच घर शोधावे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर 1984 मध्ये सांगितले. देशातल्या पालकांना बहुधा तान्हे मूल हवे असते. साडेपाच वर्षांची, आपल्या आवडीनिवडी पक्क्या झालेली मुलगी त्या रांगेत मागे पडते, आणि म्हणून तिची वही सातासमुद्रांपलीकडून येते.

कारकुनाने नक्कल दिली, रजिस्टरात सही घेतली, आणि मुलीकडे पाहून विचारले, “काय गं, जाणार का विमानात?” ती म्हणाली, “खिडकी ताईची. परतताना माझी.” परतताना म्हणजे केव्हा, हे तिला कोणी विचारले नाही.

दुपारी किल्ल्यावर गेलो. भुईकोट, लष्कराच्या ताब्यातला; 1942 ते 1945 या काळात कैदेत असता नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच लिहिले, आणि मौलाना आझादांनी आपली पत्रेही येथेच. पण मला त्या दिवशी आठवत होती चांदबिबी. तिला स्वतःचे मूल नव्हते. विजापुरात तिने वैधव्यात नवऱ्याच्या नऊ वर्षांच्या पुतण्यासाठी राज्य राखले, आणि माहेरी परतल्यावर भावाच्या तान्ह्या नातवासाठी, बहादुरासाठी, 1595-96 मध्ये शाहजादा मुरादच्या वेढ्यात हा तट लढविला. सुरुंगाने पडलेले खिंडार तिने उभे राहून रातोरात बुजवून घेतले. 1600 साली तिच्याच माणसांनी तिला मारले, किल्ला पडला, आणि ते पोर ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेले. पुढे हे विझलेले राज्य ज्याने आणखी पंचवीस वर्षे धगधगत ठेवले तो मलिक अंबर हबसाणातून पोरवयात विकला गेलेला, बगदादच्या एका धन्याने शिकविलेला, आणि नगरच्या पेशव्याने विकत घेतलेला; आणि या साऱ्यांची बखर लिहिणारा फेरिस्ताही बापाचे बोट धरून अस्त्राबादेहून लहानपणीच या शहरात आलेला. लांबून आलेल्या, किंवा आणलेल्या, पोरांनी या गावाचे एवढे काही केले आहे. या गावाने त्यांचे काय केले, याचा हिशेब मात्र तेवढा सुखाचा नाही. दोघी मुली खंदकाच्या कडेला चिंचा वेचीत होत्या. गावात ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात, ती शहाडोंगरावरची अष्टकोनी इमारत वास्तविक सलाबतखानाची कबर, हे त्यांना सांगण्याचा मोह मी आवरला.

निघण्याच्या दिवशी मावशीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि पाठ वळवून आत निघून गेली. फाटकापर्यंत ती आली नाही.

जावयांच्या वृद्ध मातोश्री नाशिकला असतात म्हणून आम्ही संगमनेरच्या वाटेने गेलो आणि वाकडी वाट करून पेमगिरीला थांबलो. 1633 च्या सुमारास, दौलताबाद पडत असता, शहाजीराजांनी निजामशाही वंशातले एक बालक आणून या डोंगरावर त्याच्या नावाने राज्य मांडले; त्याला मांडीवर घेऊन राजे स्वतः तख्तावर बसले, असे परंपरा सांगते. तीन वर्षांत ते राज्य संपले आणि ते पोर मोगलांच्या हवाली झाले. शहाजीराजांसाठी मनात कितीही आदर असला, तरी त्या मांडीवर बसलेल्या मुलाला काय वाटले असेल, हा प्रश्न मला त्या पायथ्याशी प्रथमच पडला. गड चढण्याइतका वेळ नव्हता. एकरांमागून एकर पसरलेला गावचा प्रसिद्ध वड पाहिला, आणि वाटेवरच्या एका टपरीत चहाला बसलो.

टपरीवाल्याने कप पुसता पुसता धाकटीकडे पाहिले. ती पुतणीच्या मांडीवर, चष्मा नाकावर घसरलेला, बिस्किट चहात किती वेळ धरले म्हणजे पडते याचा शोध लावीत होती.

“कुनाची पोर?”

“आमची,” थोरली आपल्या अमेरिकी मराठीत ठासून म्हणाली. “नगरची.”

“नगरला कुनाच्यात?” त्याने पुढे विचारले, जसे आपल्याकडे कोणीही विचारतो, गावानंतर घराणे, घराण्यानंतर वाडा. आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागलो. तेवढ्यात धाकटीचे बिस्किट चहात पडले आणि तिने टाहो फोडला. टपरीवाल्याने बरणीचे झाकण काढून दुसरे बिस्किट तिच्या हातावर ठेवले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.