मोढेरा : सूर्याचे देऊळ, सूर्याची वीज

गुजरातेत मेहसाण्याहून पंचवीस किलोमीटरवर, पुष्पावती नदीकाठी मोढेरा हे गाव आहे. सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळात, इ. स. १०२६ च्या सुमारास येथे सूर्यमंदिर उभे राहिले. समोर पायऱ्यापायऱ्यांचे भव्य कुंड, मागे बावन्न खांबांचा सभामंडप. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. पण गावातली घरे पाहिली की सूर्यदेव छपरांवर राहायला गेला असे वाटते!

९ ऑक्टोबर २०२२ रोजी मोढेरा हे चोवीस तास सौरविजेवर चालणारे देशातले पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तेराशेहून अधिक घरांवर पॅनेल बसली. शेजारच्या सुज्जनपुऱ्यात सहा मेगावॉटचे केंद्र आहे आणि रात्रीसाठी वीज साठवणारी बॅटरीही.

ही पॅनेल होतात कशाची? आपल्या बांधावरच्या गारगोटीची! शुद्ध गारगोटी कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत तापवली की सिलिकॉन मिळते. ते पुन्हापुन्हा शुद्ध करून १४१४ अंशांवर वितळवतात. त्या रसात सिलिकॉनचाच छोटा स्फटिक टेकवून, फिरवत सावकाश वर ओढला की जाड गोल दांडा तयार होतो. तारेने त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापतात. चकतीच्या एका बाजूस बोरॉनचा, दुसरीस फॉस्फरसचा अंश मुरवतात. या सांध्यावर ऊन पडले की वीज वाहू लागते. ती गोळा करण्यासाठी वर चांदीच्या बारीक रेघा छापतात. हाच सौरघट.

दांडा ओढून केलेला घट एकस्फटिकी. तो काळसर दिसतो आणि कमी जागेत जास्त वीज देतो. रस साच्यात ओतून केलेला तो बहुस्फटिकी. तो निळसर असतो, त्यावर भिंगुळ्यांसारखी नक्षी दिसते. वीज थोडी कमी. तिसरा प्रकार पातळ थराचा. यात चकती नसतेच. काचेवर कॅडमियम टेल्युराइडसारख्या द्रव्याचा लेप देतात.

एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. म्हणून घट माळेसारखे जोडतात आणि वर काच बसवतात. माळेतल्या एकाच घटावर झाडाची सावली पडली, तरी अख्ख्या माळेची वीज घटते.

रात्री विंचूकाट्यातून दारे धरायला जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देणारा सौरपंप केवढा आधार आहे! तो घेताना मात्र घटाचा प्रकार विचारा, हमीचा कागद मागून घ्या, सावली नसलेली जागा निवडा आणि काचेवरची धूळ सकाळी थंड वेळी स्वच्छ पाण्याने धूत जा. सूर्य फुकट असला, तरी पॅनेल फुकट नाही.