बट्टा

आपल्या भाषेत बट्टा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एका नाण्याबदली दुसरे देताना सराफ जी तूट कापून घेई ती बट्टा. आणि नावाला लागतो तो डागही बट्टाच. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखात एकच रुपया चालू केला; त्याआधी अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये पेठांतून फिरत, तेव्हा पहिला अर्थ घरोघर ठाऊक असे. पनवेलच्या आमच्या घरी मात्र १९८८ साली हे दोन्ही अर्थ एकदमच दाराशी येऊन उभे राहिले.

त्या साली आमच्या बहिणीचे लग्न ठरले. वडील शाळामास्तर; दादा दुबईस नोकरीला. लग्नाची रक्कम तो पाठविणार, हे कळताच एक परिचित गृहस्थ संध्याकाळी ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, चिरंजीवांनी दिरहॅम तिकडे आमच्या माणसाकडे द्यावे. चौथ्या दिवशी रुपये घरपोच. बँकेपेक्षा दहा हजारांमागे हजार-बाराशे जास्त."

हे जास्तीचे रुपये कोठून येत? परकीय चलनाचा सरकारी भाव त्या काळी रिझर्व्ह बँक ठरवी, आणि परवानाधारकांखेरीज इतरांस ते विकणे १९७३ च्या कायद्याने गुन्हा होता. सोन्याच्या आयातीवरही निर्बंध होते. त्यामुळे दुबईपेक्षा मुंबईचे सोने पुष्कळ महाग. चोरून सोने आणणाऱ्यास दुबईत चलन हवे, आणि सरकार तर ते देणार नाही. म्हणून तो दादासारख्यांचे दिरहॅम चढ्या भावाने घेई. त्या दिरहॅमचे सोने होई, ते कोकणातल्या एखाद्या खाडीत उतरे, मुंबईत विकले जाई, आणि आलेले रुपये कोणाच्या तरी ओटीवर मोजले जात.

वडिलांनी गृहस्थांस चहा पाजला व नकार दिला. "पोराने उन्हात मिळविलेला पैसा आम्ही अंधारात मोजून घेणार नाही," एवढेच ते म्हणाले. ड्राफ्ट बँकेतूनच आला. पडलेली तूट आईने आपल्या पाटल्यांचा जोड सराफाकडे मोडून भरून काढली. ती काही बोलली नाही. आम्ही तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो. वडिलांचा हट्ट आम्हांस शुद्ध अव्यवहार वाटला.

पुढे १९९१ साली देशाचीच परकीय गंगाजळी आटली. सरकारला स्वतःचे सोने परदेशी तारण ठेवावे लागले. घराण्याची अब्रू राखण्यास जे आईने केले, तेच. जुलैत रुपयाचे मूल्य घटविले गेले. मार्च १९९२ मध्ये तर सरकारने स्वतःच दोन भाव मान्य केले: शंभर डॉलर आले तर चाळीस सुमारे २६ रुपयांच्या सरकारी भावाने, उरलेले साठ तिशीच्या आसपासच्या बाजारभावाने. त्याच साली परतणाऱ्या भारतीयांस सोने उघडपणे आणण्याची मुभा मिळाली. मार्च १९९३ मध्ये दोन्ही भाव एक झाले.

ती बातमी वडिलांनी आईस मोठ्याने वाचून दाखविली. त्यांच्या स्वरात थोडा विजय होता. आई तांदूळ निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग माझ्या पाटल्या आता कोणत्या भावाने यायच्या?" वडील वर्तमानपत्राची घडी घालीत राहिले.

दोन भावांतील अंतर मिटले की चोरटा बाजार मंदावतो, हे आम्ही वर्गात शिकवितो, आणि ते खरे आहे. कर चुकविणाऱ्यास हवाला आजही लागतो. पण घरी पगार पाठविणाऱ्या मुलास प्रामाणिक राहण्यासाठी पूर्वीइतकी किंमत मोजावी लागत नाही. माणसे सुधारली म्हणून हे झाले नाही. प्रामाणिकपणा स्वस्त झाला, इतकेच. तो महाग असताना ज्यांनी घेतला, त्यांची नोंद आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठे नाही.

वडिलांचा हट्ट आज आम्हांस अव्यवहार वाटत नाही. त्यांच्या नावास बट्टा लागला नाही, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु दुसरा बट्टा कोणाच्या हातांतून गेला, हे आठवले की त्या अभिमानाचा उच्चार आम्ही जरा हळूच करतो.