गालिच्याखाली

उघड्या टपाच्या मोटारीची कळा वरून दिसते. तिचे दुखणे मात्र गालिच्याखाली असते. दिवंगत वडिलांनी इंग्लंडमध्ये जुनी म्हणून विकत घेतलेली 1967 ची एमजीबी आम्हा भावंडांनी घरच्याच गॅरेजमध्ये आतून दुरुस्त करावयास घेतली, तेव्हा याची प्रचिती आली.

1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात या मोटारी बनल्या. हिला वेगळी चासी नाही, पक्के छप्परही नाही. त्यामुळे तिचे बळ प्रामुख्याने तळाच्या पत्र्यात आणि दारांखालच्या पोकळ पेट्यांत एकवटलेले असते. कापडी टपातून झिरपलेले पाणी गालिच्याचे अस्तर शोषून घेते आणि पत्रा मुकाट्याने गंजत राहतो.

आसनांचे बोल्ट काढून गालिचा उचलला, तो स्क्रूड्रायव्हरचे टोक तळातून आरपार गेले. नव्या कातड्यासाठी साठवलेले पैसे वेल्डिंगवर खर्ची पडले. वडिलांच्या आसनाला नवे कातडे चढावे, ही धाकट्या बहिणीची इच्छा, ती हिरमुसली. मग जुनेच कातडे आम्ही ओलसर फडक्याने हळुवार पुसले, उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून घातली, आतला विरलेला फोम तेवढा बदलला. वडिलांच्या बसण्याने पडलेल्या सुरकुत्या तशाच राहिल्या. आता त्या आसनावर प्रथम बसते ती बहीणच.

पापनिवेदनापूर्वी विवेकाची तपासणी करावी लागते, तीही गालिचा उचलल्यावाचून होत नाही. म्हणूनच नवा गालिचा आम्ही डिंकाने चिकटवला नाही, दाबबटणांवर बसवला. दर पावसानंतर तो उचलून पाहता येतो.