लेकरांकडं बघून

‘लेकराच्या तोंडाकडं बघ अन् नांद.’ परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात आणि आसपासच्या गावांत हे वाक्य मी कितीदा तरी बोललो आहे. नवरा-बायकोचं बिनसलं की चार जाणती माणसं बैठकीला बसतात, त्यांत मीही असायचो. फारकत झाली की लेकरांचं वाटोळं होतं, यावर माझी श्रद्धा होती. आज ती उरलेली नाही.

मत पालटलं ते वर्गातल्या मुलांमुळं. मी नववी-दहावीला शिकवतो. ज्या घरांतलं भांडण आम्ही ‘मिटवलं’ होतं, त्याच घरांतली पोरं पहिल्या तासाला पेंगत होती. कुणाचं पोट दुखायचं आणि डॉक्टरांना काहीच सापडायचं नाही. एक हुशार मुलगा परभणीला शिकायला जाईना. फार विचारल्यावर म्हणाला, ‘‘सर, मी घरी नसल्यावर मायला कोण सोडवणार?’’ ज्या वयात स्वतःचं काही घडवायचं, त्या वयात तो पोरगा घरात पहारा देत होता. आणि ते घर मोडलं नाही याचं आम्हाला समाधान होतं!

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो आणि ॲलन बूथ यांनी अनेक कुटुंबांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन १९९७ साली पुस्तक लिहिलं. घरात सतत कडाक्याचं भांडण असेल, तर आईवडील वेगळे झाल्यावर मुलं सावरतात. भांडण फारसं नसताना संसार मोडला तर मात्र ती जास्त हादरतात, असं त्यांना दिसलं. दुसरी गोष्टही मला तितकीच पटते. फारकत घ्याच, असं मी कुणाला सांगत नाही.

आपल्याकडं तर तिसरीच तऱ्हा. बाई माहेरी येऊन बसते. ना नांदणं, ना फारकत. २०११च्या जनगणनेतही घटस्फोटितांपेक्षा नुसते विभक्त राहणारे कितीतरी जास्त होते. खर्च कुणी द्यायचा, लेकरू कुठं राहणार, काहीच ठरत नाही. पोटगी मागायला फारकत लागत नाही, हे कित्येकींना ठाऊक नसतं. मग ‘बापाला म्हणावं फी भर’, ‘मायला विचार कधी येती’ असे निरोप पोरानंच न्यायचे, आणि दोन्हीकडची बोलणीही त्यानंच खायची.

मुलीचं याहून अवघड. ‘मायच नांदली नाही, पोरगी काय नांदणार’ असं लोक बोलायला लागायच्या आत तिला उजवून टाकायची घाई होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सगळ्यांमागं आईबापाचं भांडण नसेल, पण काहींमागं ते मी बघितलं आहे.

आता बैठकीत मी आधी मारहाणीचं विचारतो. ती असेल तर नांदायला पाठवण्याची गोष्ट मी काढत नाही. मग लेकराशी एकट्यानं बोलतो. ‘तुला माय पाहिजे का बाप’ असं विचारत नाही, झोप लागते का, अभ्यासाला जागा आहे का, एवढंच. समजत्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं, अशी तरतूद १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्यात आहे. आम्ही मात्र बैठक बसली की पोराला बाहेर पिटाळायचो. मन फार खचलेलं दिसलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देतो, तिथं मराठीत बोलता येतं. आणि बैठकीतच कुणी पोरीचं लग्न उरकायचा विषय काढला, तर मी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावणार, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.