दहा सायकलींची जागा

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी आधी हसलेच. नर्सरीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. पार्किंगला 'वाहनतळ' म्हणतात हे मला सांगलीत आल्यावर एका पाटीवरून कळलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषयही वाहनतळाचाच आहे.

घर माझं साताऱ्याचं. सांगली सपाट, इथे विश्रामबागेतून कुठेही सायकल हाणता येते. सातारा म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव, सगळा चढ-उतार. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालं की माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसावर बसते, असं आजोबा म्हणायचे. तरी त्यांनी जन्मभर सायकलच चालवली. काळी, २२ इंची, दांडीची. ते गेल्यावर ती आमच्या अपार्टमेंटमधल्या पाण्याच्या मोटारीजवळच्या कोपऱ्यात गेली आणि आम्ही सगळे तिला विसरलो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर बोर्डावर नोटीस : 'बेवारस सायकली आठ दिवसांत हलवाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील.' खाली जाऊन पाहिलं. चौदा सायकली एकमेकींच्या गळ्यात गळे घालून पडलेल्या. सगळ्यात खाली आजोबांची. 'बेवारस' हा शब्द टोचला. वारस तर मीच होते की!

सेक्रेटरी काकांना म्हटलं, "काका, भंगारात नको, आपण स्टँड बसवूया." काका म्हणाले, "बसव की! इंजिनिअर होतीयेस ना?" झालं, अंगात आलं. कोपरा साफ केला, पुढचं चाक खोबणीत घालायचा रेडिमेड स्टँड आणून ठेवला, फोटो ग्रुपवर टाकला, अंगठे मोजले आणि सांगलीला परत आले.

महिन्याने गेले तर स्टँड जवळजवळ रिकामा. सायकली पुन्हा जिन्याखाली, गेटपाशी, मीटरच्या पेटीला टेकलेल्या. वर तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्याच्या सायकलचं पुढचं चाक 'आउट' झालेलं. याचं उत्तर मला यायला हवं होतं. चाक उभा भार झकास पेलतं, पण आडव्या जोराला कच्चं असतं. फक्त चाक धरून ठेवलेल्या सायकलला बाजूने धक्का लागला की सगळा बेंडिंग मोमेंट बिचाऱ्या रिमवर. व्हायवाला हेच विचारलं असतं तर फडाफडा सांगितलं असतं!

पण रिकाम्या स्टँडचं खरं कारण मला जिना झाडणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्या रोज सायकलवर येतात आणि सायकल गेटबाहेर रस्त्यावर लावतात. मी विचारलं, "मावशी, आत का नाही लावत?" त्या म्हणाल्या, "तितवर न्यायची म्हंजे दोन गाड्यांच्या मधनं आडवी काढाया लागती, ताई. हँडल घासलं तर भरून कोन देनार?"

मी टेपने कोपरा मोजला होता, पण कोपऱ्यापर्यंतची वाट मोजली नव्हती. आणि विचारलं तर कुणालाच नव्हतं.

गेटला लागून असलेली जागा आमचीच होती. गाडीसाठी आखलेली, २.५ मीटर बाय ५ मीटर. आमच्याकडे गाडी नाही, बाबा तिथे स्कूटर लावतात. पण 'पुढच्या वर्षी गाडी' हे मी पाचवीपासून ऐकतेय. रात्री जेवताना कागद पुढे ठेवला. उलट्या 'यू'सारखे पाच पाईप, एकेक मीटरवर. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल, म्हणजे एका गाडीच्या जागेत दहा सायकली. सायकलची लांबी साधारण १.८ मीटर, ती २.५ मध्ये आरामात बसते. पाईप चाकाला नाही तर फ्रेमला आधार देतो, कुलूपही फ्रेमलाच लागतं. याला शेफील्ड स्टँड म्हणतात. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त स्टेशनखाली २०१९ मध्ये १२,५०० सायकलींचं पार्किंग पूर्ण झालं, हेही सांगून टाकलं.

बाबा बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "वेल्डिंग करून कायमचं नको. अँकर बोल्टवर बसव." म्हणजे गाडी आली की काढता येईल! आई दुसरीकडे बघून हसली. मला मात्र हसू आलं नाही.

आता तिथे पाच पाईप आहेत. स्कूटर जिन्याखाली गेली. सगळं काही सुरळीत झालेलं नाही. पाहुणे अजूनही सायकलींपुढे गाडी आडवी घालतात आणि काका रोज एकदा तरी 'शोभा गेली' म्हणतात. मावशींनी पहिले चार दिवस सायकल बाहेरच लावली. पाचव्या दिवशी बाबांनीच त्यांना हाक मारून पहिल्या पाईपची जागा दाखवली. आता ती जागा त्यांचीच आहे. कुठे लिहिलेलं नाही, पण तिथे दुसरं कुणी लावत नाही.

आणि आजोबांची सायकल? टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर नवे घालून ती एस.टी.च्या टपावरून सांगलीला आलीय. हॉस्टेलच्या मागे जी काळी, दांडीची, आवाज करणारी सायकल दिसते ना, ती. तीही चाक खोबणीत घालायच्या स्टँडमध्येच उभी असते.

रेक्टर मॅडम, अंक वाचत असाल तर ड्रॉइंग तयार आहे. या वेळी मी आधी सगळ्यांना विचारणार आहे.