अब्बांनी न पाहिलेला ओमान

अब्बा 22 वर्षे मस्कतला नोकरीला होते. सुट्टीवर घरी आले की आम्ही विचारायचो, "तिकडे कसं असतं?" ते म्हणायचे, "वाळू आणि दगड. दुसरं काय?" मागच्या ऑगस्टमध्ये भाईजानने आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतले.

पहिल्याच दिवशी मस्कतच्या कुर्म भागात गेलो. अरबीत कुर्म म्हणजे तिवर. खाडीच्या चिखलात ती ओळखीची झाडे पाहून अब्बा थबकले. "हे तर आपल्या खाडीतलं!" त्यांची खोली इथून फार लांब नव्हती, पण खोली आणि काम यांपलीकडे जायला सवड कुठे होती?

किनाऱ्यालगत बातिनाच्या सपाटीवर खजुरीच्या बागा आहेत. आत कोरड्या ओढ्यांच्या काठी घाफ दिसतो. तीच आपली शमी, राजस्थानची खेजडी. मुळे खोल जातात, म्हणून ती उन्हाळ्यातही हिरवी राहते. निझवाला फलज पाहिला. जमिनीखालचे पाणी उताराने पाटात येते आणि पाळीने वाटले जाते. जबल अखदरवर, सुमारे 2,000 मीटर उंचीवर, हवा गार झाली. तिथे डाळिंबे लगडली होती. सूरह रहमानमध्ये खजूर आणि डाळिंबाचा उल्लेख एकत्र येतो, तो आठवला. आणखी वर जुनिपरची जुनी झाडे आहेत. उताराच्या खालच्या बाजूची मात्र वाळत चालली आहेत.

सलाला तिथून हजारेक किलोमीटर दक्षिणेला. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे खरीफ असतो: धुके, भुरभुर पाऊस, हिरवेगार डोंगर. रस्त्याकडेला नारळ, केळी, पपई. अब्बा म्हणाले, "अगदी कोकण!" पण डोंगर ओलांडला की धुके संपते आणि लुबानाची बुटकी झाडे सुरू होतात. आपल्या सातपुड्यातील सालई याच कुळातली. साल खरवडली की चीक पाझरतो, वाळतो आणि मग तो गोळा करतात. खाचा जास्त पडल्या तर झाड खंगते. उंट कोवळी रोपे खातात, त्यामुळे नवी झाडे वाढणेही अवघड होते.

परतल्यावर अम्मीने निखाऱ्यावर लुबान टाकला. घरभर वास पसरला. अब्बा बराच वेळ गप्प बसले, मग नातवाला जवळ घेऊन म्हणाले, "मस्कतला ना, तिवर आहे."